सागाच्या वलयांसाठी घेतलेला इन्क्रिमेंट बोअरर : वापरून कसा वाटला

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण हार्डवेअरच्या दुकानात विचारलंत तर समोरचा ड्रिल मशीन काढून दाखवेल. इन्क्रिमेंट बोअरर म्हणजे हातानं फिरवायचं पोकळ गिरमिट. उभ्या झाडात सालीपासून गाभ्यापर्यंत घालायचं, आतून पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी काढायची, तिला कोअर म्हणतात, आणि झाड तिथेच उभं राहतं, तोडायची गरज नाही. त्या कांडीवर झाडाची सगळी वलयं, म्हणजे एकेका वर्षाच्या वाढीचे थर, ओळीनं दिसतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत प्रेसलर नावाच्या वनशास्त्रज्ञानं हे बनवलं म्हणून अजूनही काही जण प्रेसलर बोअरर म्हणतात, आणि मूळ रचना तेव्हाचीच आहे.

मी घेतला तो ४०० मिमी लांबीचा, ५.१५ मिमी कोअरचा, दोन आट्यांचा, परदेशी बनावटीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा रिव्ह्यू अवजाराचा आहे, आणि मला सांगायचंय ते असं की आपल्याकडच्या झाडांवर, म्हणजे उष्ण कटिबंधात, पावसाचा अभ्यास करायला हे अवजार खरंच उपयोगी पडतं, पण झाड आणि जागा बरोबर निवडली तरच. कस्टम आणि कुरिअर धरून एका बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या किमतीत पडतो, आणि भारतात मिळणाऱ्या स्वस्त नकला मी हातात घेऊन बघितल्यात, त्यांच्या टोकाची धार आणि आतल्या नळीचं फिनिशिंग बघून परत ठेवल्या.

आता हे घ्यायचंच कशाला? आपल्या हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. देशभराच्या मान्सूनची सलग आकडेवारी मिळते ती १८७१ पासूनची. म्हणजे दीडशे वर्षं. त्याआधी पाऊस किती पडला हे बघायचं तर महसुलाची पत्रं, देवस्थानांचे कागद, दुष्काळाचे उल्लेख, एवढंच हातात राहतं, आणि त्यात मोठी संकटं लिहिलेली असतात, साधी वर्षं कोण लिहून ठेवतो. झाड मात्र बऱ्या वर्षाचीही नोंद ठेवतं, वाईट वर्षाचीही : पाणी भरपूर मिळालं की वलय रुंद, टंचाई असली की अरुंद.

बरेच जण मला म्हणाले की वलयं थंड प्रदेशातल्या झाडांना येतात, देवदार, पाईन वगैरे, आपल्याकडे बर्फ नाही तर झाड थांबणार कधी आणि वलय पडणार कसं. अर्धी गोष्ट बरोबर आहे. आंबा, जांभूळ, वड यांच्यात कोअर काढून काही हाती लागत नाही, वर्षभर थोडी थोडी वाढ चालूच असते आणि कडा स्पष्ट नसतात. पण थांबायला थंडीच लागते असं नाही, पाण्याची टंचाईही चालते. साग बघा ना. हिवाळा संपता संपता पानं गाळून बसतो, उन्हाळाभर नुसते खराटे दिसतात, सालीखालचा वाढणारा थर पूर्ण झोपलेला असतो, आणि मृगाच्या आसपास पाणी मिळालं की पालवी फुटते आणि लाकूड बनायला लागतं. सुरुवातीला बनतात त्या मोठ्या मोठ्या नलिका, पाणी वर खेचायला, मग पुढे बारीक नलिकांचं घट्ट लाकूड, आणि पुन्हा थांबा. त्या मोठ्या नलिकांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते. तून आणि बकाण नीम यांच्यातही असंच होतं.

ही माहिती काही नवीन नाही. जावा बेटावर डच लोकांनी सागाची लागवड मोठ्या प्रमाणावर केली होती, तिथे कोस्टर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात उष्ण कटिबंधातली झाडं वलयं कशी बनवतात याचा कसून अभ्यास केला, आणि १९३१ मध्ये बर्लाखं नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं जावाच्या सागाची १५१४ ते १९२९ अशी वलयमालिका छापली आणि ती पावसाशी जोडून दाखवली. चारशे वर्षांहून जास्त, आणि तीही विषुववृत्ताच्या इतक्या जवळ! आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएमनं, म्हणजे पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं, १९८० च्या दशकात ठाण्याच्या बाजूचे साग घेऊन सुरुवात केली, पंत आणि बोरगांवकर यांचं ते काम. पुढे बोरगांवकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका केली, आणि त्यात एल निन्योच्या दुष्काळी वर्षांच्या खुणा अरुंद वलयांत सापडतात. १४८१ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी. मला तरी हे वाचून अंगावर काटा आला होता, आणि बोअरर घ्यायचं तिथेच ठरलं.

आता अवजाराकडे. तीन भाग असतात. दांडा पोकळ असतो, त्यातच बाकीचे दोन भाग मावतात, त्यामुळे पाठीवरच्या सॅकमध्ये सहज बसतो. दुसरा भाग म्हणजे मुख्य गिरमिट, ज्याच्या टोकाला आटे आणि वर्तुळाकार धार. तिसरा एक्स्ट्रॅक्टर, पन्हाळीसारखी लांब पातळ पट्टी, टोकाला बारीक दात. आटे दोन किंवा तीन मिळतात. तीन आट्यांचा प्रत्येक फेऱ्याला जास्त आत जातो पण जोर जास्त लागतो, तो पाईनसारख्या मऊ लाकडासाठी ठीक. सागाला दोन आट्यांचाच घ्या, यात दुमत नको. लांबीचं म्हणाल तर ४०० मिमीमध्ये साधारण सव्वादोन मीटर घेराच्या सागाच्या मध्यापर्यंत पोचता येतं, त्याहून मोठी झाडं आपल्या शेतात सहसा नसतातच. जाडीत १० आणि १२ मिमीचेही येतात, ज्यांना लाकडातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे हलक्या-जड ऑक्सिजनचं प्रमाण, तपासायचंय त्यांना जास्त लाकूड लागतं म्हणून ते घेतात, पण कठीण लाकडात तो फिरवणं म्हणजे दोन माणसांचं काम.

किनवटकडे एका ओळखीच्या शेतकरी काकांच्या बांधावरचे साग होते, तिथे नीट वापरून बघितला. बांधावरचे घेण्याचं कारण असं की लावल्याचं वर्ष काकांना पक्कं माहीत होतं, १९९८, त्यामुळे वलयं वर्षाला एकच येतात का हे लगेच तपासता येणार होतं. जंगलातल्या झाडाला हात लावायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती आधी घ्या, फॉरेस्टच्या गार्डला तोंडी सांगून चालत नाही. काकांनी आधी विचारलं, "मॅडम, झाड मरणार तर नाही ना?" मी म्हटलं मरत नाही, पण भोकाच्या वरखाली लाकडाचा रंग थोडा बिघडतो, विकायचं चांगलं झाड असेल तर त्याला नको, मग त्यांनीच वाकडी आणि दुभंगलेली झाडं दाखवली. हे सगळ्यांनी आधीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण सागाचा भाव लाकडाच्या रंगावर आणि सरळपणावर ठरतो आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

छातीच्या उंचीवर, खोडाला अगदी काटकोनात टोक लावायचं. पहिले काही फेरे तळहातानं दाबून फिरवावं लागतं, आटे धरले की मग दोन्ही हातांनी फिरवत जायचं. सागात जाताना करकर असा आवाज येतो आणि गिरमिट चक्क गरम होतं, म्हणून आट्यांवर आधीच मेण चोळा, मधमाशीचं मेण सगळ्यात चांगलं. अंदाजे मध्यापर्यंत गेलं की एक्स्ट्रॅक्टर आत सरकवायचा, एक फेरा उलटा द्यायचा, आत कोअर तुटल्याचं हाताला कळतं, आणि पट्टी हळूच बाहेर ओढायची. लगेच गिरमिटही काढून घ्या, आत ठेवून चहा प्यायला गेलात तर लाकूड आवळतं आणि मग काढणं अवघड होतं.

आणि मग ती कांडी. बाहेरचं लाकूड फिकट पांढरट, ओलसर, पुढे आत एकदम सोनेरी तपकिरी, आणि तेलकट चामड्यासारखा तो सागाचा वास. प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग, तिच्या बरोबर फिकट रंगाची बारीक पट्टी. काका वाकून बघत होते, मी सालीकडून मोजत गेले, आणि २०१४ आणि २०१५ ची दोन वलयं इतकी बारीक होती की एकाच्या छिद्रांची रांग दुसऱ्याला जवळजवळ चिकटलेली. मराठवाड्यात ती दोन्ही वर्षं कशी गेली हे त्यांना वेगळं सांगायची गरजच नव्हती. त्यांनी नखानं त्या जागी खूण केली आणि म्हणाले, "ह्या दोन वर्षांत माझी विहीर कोरडी होती." त्याच्या पुढचं २०१६ चं वलय जवळपास दुप्पट रुंद. शेवटपर्यंत मोजल्यावर पहिलं वलय २००० चं आलं, कारण रोप छातीच्या उंचीवर पोचायला एक-दोन पावसाळे जातात, म्हणजे हिशोब बरोबर जुळला.

घरी आणल्यावरचं काम जास्त आहे आणि ते बॉक्समध्ये येत नाही हे लक्षात घ्या. कोअर कागदी स्ट्रॉमध्ये ठेवायचा, प्लॅस्टिकच्या नको, बुरशी येते. सावलीत वाळवायचा, सुताराकडून खाच पाडलेल्या लाकडी पट्ट्या करून घ्यायच्या, त्यात फेविकॉलनं चिकटवायचा, पण नलिका उभ्या राहतील अशा बेतानं, आडव्या बसल्या तर छिद्रांऐवजी रेघा दिसतात आणि कोअर वाया जातो. मग पॉलिश पेपर, ८० नंबरपासून चढत ६०० पर्यंत. मास्क लावा, सागाच्या भुशानं शिंका आणि खाज दोन्ही येतात. त्यानंतर मायक्रोस्कोपखाली मोजणी, प्रयोगशाळांमध्ये ०.०१ मिमीपर्यंत मोजणारं टेबल असतं, घरी चांगला स्कॅनर आणि एखादं फ्री सॉफ्टवेअर चालतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. बोअरर घेतला, वलयं मोजली आणि पावसाचा आलेख तयार, असं अजिबात होत नाही. एकतर कोवळं झाड पहिली काही वर्षं भराभर वाढतं आणि वलयं आपोआप रुंद येतात, पुढे वयाप्रमाणे अरुंद होत जातात, त्याचा पावसाशी संबंध नाही, ते गणितानं वेगळं काढावं लागतं. बाजूचं झाड तोडलं की यालाही ऊन जास्त मिळतं आणि वलयं रुंदावतात. म्हणून बांधावरचा नाहीतर प्लांटेशनचा साग शिकायला उत्तम, पण जुन्या हवामानासाठी जंगलातले म्हातारे वृक्षच लागतात.

दुसरं, खोटी वलयं. पावसाळ्यात मध्येच मोठी उघडीप पडली, किंवा अळ्यांनी ऐन हंगामात पानांची चाळण केली (सागावरची ती पानं जाळीदार करणारी अळी आपल्याकडे सगळ्यांनी बघितली असेल), तर झाड तात्पुरतं थांबतं आणि पुन्हा पानं फुटली की नवीन लाकूड बनतं, त्यामुळे एका वर्षात दोन वलयांसारखं दिसतं. खऱ्या वलयाची कड पूर्ण घेरात सलग असते, खोटं मध्येच विरून जातं. पाच मिलिमीटरच्या कांडीत पूर्ण घेर कुठून दिसणार? ही या अवजाराची खरी मर्यादा. त्यात सागाचं खोड बुंध्याशी खाचाखाचांचं असतं, खाचेत घातलात तर वलयं दबलेली, फुगवट्यावर घातलात तर उगाच रुंद. म्हणून एका झाडाचे समोरासमोरचे दोन कोअर तरी घ्यायचेच, आणि मग आसपासच्या अनेक झाडांचे कोअर एकमेकांशी जुळवायचे. एका झाडात २००९ अरुंद दिसलं आणि बाकी सगळ्यांतही त्याच जागी अरुंद असेल तर वर्ष पक्कं. एका झाडात सगळंच एका वर्षानं सरकलेलं दिसलं तर कुठेतरी खोटं वलय मोजलं गेलंय नाहीतर एक गायब आहे. याला क्रॉसडेटिंग म्हणतात, अमेरिकेत अ‍ॅरिझोनात डग्लस यांनी ही पद्धत बसवली, आणि हे केल्याशिवाय कोणी तुम्हाला "या झाडानं अमुक सालचा दुष्काळ दाखवला" म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ही जुळणी तपासणारा कोफेचा नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, झाड तहानलेलं हवं. कोकणातला साग घ्या, तिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस, एखाद्या वर्षी पाचशे कमी पडला तरी त्या झाडाला काय फरक पडतो, वलय जवळपास तेवढंच. विहिरीशेजारचा, ओढ्याकाठचा साग तसाच. उलट विदर्भ-मराठवाड्यातल्या उतारावरचा, मुरमाड जमिनीतला, पावसाशिवाय दुसरं पाणी नसलेला साग, तो थोडी टंचाईही लगेच दाखवतो. मध्य भारतात म्हणूनच चांगली कामं झालीत, होशंगाबादच्या सागावरून लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या लोकांनी १८३५ ते १९९७ चा जून ते सप्टेंबरचा पाऊस काढला होता. त्यामुळे घेण्याआधी तुमच्या भागातलं झाड कुठे उभं आहे ते बघा, नाहीतर सुंदर कोअर निघतील आणि त्यातून पावसाबद्दल काहीच कळणार नाही.

रुंदी जिथे बोलत नाही तिथे समस्थानिकांची पद्धत आहे. जोराच्या पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं आणि ते लाकडाच्या सेल्युलोजमध्ये उतरतं, एका वलयाचे बारीक काप करून मनगावे आणि सहकाऱ्यांनी सागात पावसाळ्यातली उघडीपसुद्धा ओळखता येते असं दाखवलंय. पण त्याला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे समस्थानिक मोजणारं यंत्र, लागतं, हौशी माणसाचं काम नाही.

आणि असे शेकडो ठिकाणचे कोअर एकत्र आले की काय होतं ते बघायचं असेल तर २०१० मध्ये एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी मान्सून आशियाच्या दुष्काळांचे वर्षावर्षाचे नकाशे केलेत ते शोधून बघा. ३२७ वलयमालिका वापरल्यात. त्यात १७९० ते ९६ चा दुष्काळ आहे, १८७६ ते ७८ चा आहे, तोच ज्यानं दख्खनमध्ये सोलापूर-नगरपासून खाली मद्रासपर्यंत लाखो माणसं मारली. त्याच २०१० मध्ये व्हिएतनामच्या डोंगरातल्या फोकिएनिया झाडांवरून बकली आणि मंडळींनी दाखवलं की कंबोडियाचं अंकोर हे प्राचीन शहर मोडकळीला आलं त्या चौदाव्या-पंधराव्या शतकात तिथे दशकानुदशकं टिकलेले दुष्काळ होते आणि मध्येच भयंकर पावसाची वर्षं. या सगळ्याच्या मुळाशी कोणीतरी डोंगरावर घाम गाळत हे गिरमिट फिरवलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तक्रारी पण आहेत. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे धार अपेक्षेपेक्षा फार लवकर जाते. धार गेली की कोअर गुळगुळीत न निघता पिळलेला, तुकड्यातुकड्यांत निघतो. शार्पनिंग किट वेगळं विकत घ्यावं लागलं, इतक्या महागाच्या वस्तूत ते सोबतच द्यायला हवं होतं. एक्स्ट्रॅक्टरची पट्टी फारच नाजूक आहे, माझ्याकडचीचं टोक लवकरच वाकलं, आणि ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याच्याकडे सुटी पट्टी मागितली तर आठवडेच्या आठवडे ईमेलला उत्तर नाही. मॅन्युअलमध्ये सगळं पाईन आणि स्प्रूस धरून लिहिलंय, कठीण लाकडाबद्दल दोन ओळी. पावसाळी हवेत गंज पटकन धरतो, वापरून झालं की आतली नळी कापडानं पुसून तेलाचा हात द्यायलाच हवा. आणि पोकळ झाडात टोक अचानक सैल फिरायला लागलं तर थांबा, आत कुजलेला भुसा अडकतो आणि नळी साफ करायला अर्धा दिवस जातो.

पाचपैकी चार देईन. एक गेला तो एक्स्ट्रॅक्टर आणि विक्रीनंतरच्या सेवेसाठी. वनस्पतिशास्त्र नाहीतर भूगोल शिकवणाऱ्या कॉलेजांनी एक तरी घ्यावाच, मुलांना पर्जन्यमानाचा तक्ता दाखवण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातल्या झाडातलं २०१५ दाखवा आणि चेहरे बघा. फक्त सागाची शेती आहे आणि वाढ किती होते ते बघायचंय, एवढ्यासाठी घेऊ नका, त्याला टेपनं घेर मोजलेला पुरतो.

घेणार असाल तर दोन आटे, ५.१५ मिमी, ४०० मिमी, सोबत शार्पनिंग किट आणि एक जादा एक्स्ट्रॅक्टर एकाच ऑर्डरमध्ये मागवा. ऑर्डर पावसाळ्यातच टाकून ठेवा, कस्टममध्ये वेळ जातो, आणि त्या वर्षीचं वलय पूर्ण झालेलं हवं असेल तर काम नोव्हेंबरनंतर आणि नवी पालवी फुटायच्या आत उरकावं लागतं.